विशेष गरजा असलेली मुलं, मराठी शाळा आणि तीन लिप्या : बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

एसएसएलसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेचे, अर्ज भरायची वेळ आली की विचारणा सुरू होते : मुलाला लिहायला जमत नाही, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा) मिळेल का, कन्नडचा पेपर माफ होतो का? तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. आधी दिव्यांगत्वाचा दाखला, मग शाळेतली नोंद, मग परीक्षा मंडळाची परवानगी, अशी ही कामं एकामागून एकच होतात आणि नुसत्या दाखल्यालाच काही महिने जातात. म्हणून कळकळीनं सांगणं आहे, आठवीतच हात घाला.

कायद्याचा आधार पक्का आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार धरलेत, त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) दोन्ही आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळतं (कलम ३१). परीक्षेतले बदल कलम १७ मध्ये आहेत : जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. हे शेवटचं आपल्या भागाला फार मोलाचं. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानं राज्यातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. म्हणजे मराठी माध्यमातलं पोर देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकाच वेळी ओढतं. ज्याला एक लिपी जड जाते त्याच्यावर हे ओझं किती पडतं, हे वर्गात उभं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

अलीकडचं काय? सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निकालात प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण आलं. मार्च २०२५ मध्ये कोर्टानं सर्व राज्यांना ही पदं मंजूर करून जाहीर करायला आणि भरायला बजावलं. गावात त्याचा उपयोग असा : एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास समितीच्या, बैठकीत अशा मुलांची संख्या ठरावात लिहा आणि ठराव बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला द्या, पोच घ्या. संख्या कागदावर नसेल तर पदाची मागणीच उभी राहत नाही.

दुसरं, युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ऑक्टोबर २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर दाखला देण्याची मुदत एका महिन्याऐवजी तीन महिने झाली. कार्डावरची पट्टी पांढरी असेल तर ४० टक्क्यांहून कमी, पिवळी असेल तर ४० ते ८० च्या आत, निळी असेल तर ८० आणि वर. शिष्यवृत्ती आणि बहुतेक योजना पिवळ्या-निळ्यालाच लागू होतात.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा डोळे आणि कान तपासा. जिल्हा रुग्णालयातल्या प्रारंभिक हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंत मोफत होतं. चष्म्याचा नंबर न काढता 'वाचता येत नाही' असा शेरा मारलेली मुलं पुढे मानसतज्ज्ञाकडे गेली की तिथून परतच पाठवतात, महिना फुकट जातो. त्यानंतर शाळेनं 'प्रशस्त' अ‍ॅपवर तपासणी सूची भरायची. एनसीईआरटीचं हे अ‍ॅप २०२२ मध्ये आलं. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा विशेष शिक्षक. हे निदान नव्हे, फक्त पुढे कुठे पाठवायचं ते कळतं. मग वैद्यकीय मंडळ, मग कार्ड, आणि कार्ड हातात येताच एसएटीएस (राज्याची विद्यार्थी नोंद) आणि यूडायस प्लस (केंद्राची शाळा नोंद) यांत नोंद.

शेवटचं काम सर्वात जास्त राहून जातं. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेत प्रत्येक विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, मुलींना शिवाय महिन्याला २०० रुपये, दहा महिने. नोंद नसेल तर त्यातलं काही येत नाही.

चिकोडी_रस्ता

सर, चांगलं काम केलंत. एक भर घालतो, कारण लोक चुकीच्या दारात जातात.

बेळगाव महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत. खानापूर, बेळगाव शहर आणि ग्रामीण हे बेळगावच्या डीडीपीआयकडे, म्हणजे शिक्षण उपसंचालकांकडे. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कागवाड हे चिकोडीच्या डीडीपीआयकडे. निपाणीच्या पालकानं बेळगावला अर्ज टाकला तर तो तिथेच पडून राहतो. सुरुवात नेहमी आपल्या तालुक्याच्या बीआरसीतून, म्हणजे गट साधन केंद्रातून, करा. तिथे बीआयईआरटी, म्हणजे तालुक्याचे समावेशक शिक्षणाचे शिक्षक असतात. खूप तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाचं घरी जाऊन शिक्षण त्यांच्याच यादीतून ठरतं. आणि ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू, म्हणजे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते असतात. पेन्शन, बसपास, साधनांचे अर्ज त्यांच्याकडून भरून घ्या. पंचायतीच्या निधीतला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी असतो, तोही विचारून घ्या की.

सीमेवरची नेहमीची अडचण म्हणजे कोल्हापूर-मिरजेचा दाखला. तिथल्या खाजगी मानसतज्ज्ञाचा अहवाल मूल समजून घ्यायला उपयोगी आहे, तो फाईलला जोडा. पण तो दाखला नव्हे. आधारवर पत्ता कर्नाटकातला असेल तर अर्ज इकडच्याच वैद्यकीय मंडळाकडे करा. युडीआयडी कार्ड देशभर चालतं, पण पेन्शन आणि वायव्य कर्नाटक परिवहनचा पास पत्त्यावर मिळतो.

नाव मात्र नीट बघा. आधारवर आडनाव पूर्ण, शाळेच्या दाखल्यावर नुसता इनिशियल, आणि एसएटीएसमध्ये कन्नडवरून रोमनमध्ये उतरवताना तिसरंच स्पेलिंग, असं सर्रास दिसतं. आधी आधार आणि एसएटीएस जुळवा, मगच युडीआयडीचा अर्ज भरा. उलट क्रमानं केलं की तिन्ही ठिकाणी दुरुस्ती करत बसावं लागतं.

अक्षरवाट

अध्ययन अक्षमतेबद्दल सविस्तर लिहिते, कारण सर्वात जास्त गोंधळ तिथे आहे.

२०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिला दाखला वय ८ पूर्ण झाल्यावर, मग १४ ला आणि १८ ला फेरतपासणी. १८ चा दाखला कायमचा. मार्च २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या आहेत, तेव्हा आत्ताचे नियम वैद्यकीय मंडळाकडे विचारून घ्या. १४ म्हणजे आठवी-नववी. आठव्या वर्षी काढलेला दाखला घेऊन लोक दहावीला येतात आणि मग तो जुना ठरतो. २०१८ च्या सूचनांत बुद्ध्यांक ८५ च्या वर असण्याची अट होती आणि चाचणीसाठी निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेचा संच ठरवलेला होता. ७० ते ८४ च्या मधली मुलं ना इकडे ना तिकडे. त्यांना त्या अटीनं दाखला मिळत नसे, पण वर्गात जादा वेळ, तोंडी परीक्षा आणि सोपा मजकूर द्यायला कुठल्याही दाखल्याची गरज नाही. हे शिक्षकांनी मनावर घ्यायला हवं.

चाचणीची भाषा तारीख घेतानाच विचारा. मराठी माध्यमातल्या मुलाला कन्नड किंवा इंग्रजी उतारा वाचायला दिला तर जे दिसतं ते अक्षमतेचं आहे की भाषा न येण्याचं, हे कुणालाच सांगता येणार नाही. शाळेकडून एक पत्र न्या : मुलाच्या शिक्षणाचं माध्यम मराठी, घरची बोली अमुक, कन्नड कितवीपासून. सोबत मराठीच्या, गणिताच्या आणि कन्नडच्या वह्यांची अलीकडची पानं. शुद्ध करून लिहिलेली नकोत, मुलानं लिहिली तशीच.

दाखल्याची वाट बघत बसायचं नाही, वर्गात लगेच काम सुरू करता येतं. दोन इयत्ता खालच्या मराठी पुस्तकातला ६० शब्दांचा उतारा घ्या. मूल वाचत असताना चुका चार रकान्यांत टिपा : अक्षर बदललं, मात्रा-वेलांटी चुकली, जोडाक्षर फुटलं, शब्द गाळला किंवा अंदाजानं म्हटला. मग तेवढाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि दोन्हींवर तीन-तीन प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं बरोबर आणि वाचून चूक, तर अडचण अक्षरांच्या उलगड्यात आहे. दोन्हीकडे चूक असेल तर श्रवण, भाषा किंवा आकलन आधी तपासा. घरी कन्नड किंवा कोकणी बोलणारं मूल मराठी शाळेत असेल तर ऐकण्याचा उतारा त्याच्या घरच्या भाषेतही घ्या.

अक्षरांत भ-म, घ-ध, ब-व या जोड्या एकत्र शिकवू नका. आधी एक पक्कं, दोन आठवड्यांनी दुसरं. 'ख' हा 'र' आणि 'व' असा वेगवेगळा वाचला जातो, तिथे दोन्ही भाग चिकटवून मोठ्या आकारात द्या. स्वरचिन्हांत काना, मग दीर्घ वेलांटी, मग मात्रा, उकार, आणि ऱ्हस्व वेलांटी सगळ्यात शेवटी. कारण ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. 'किती' वाचताना मूल अडखळतं ते बहुतेक वेळा इथेच.

कन्नडशी गाठ पडते ती जोडाक्षरात. 'पक्का' लिहिताना देवनागरीत पहिला क अर्धा होतो. कन्नडमध्ये पहिला क पूर्ण राहतो आणि दुसरा त्याच्या खाली ओत्तक्षर म्हणून बसतो. एका तासाला एक नियम, पुढच्या तासाला उलटा. शिवाय कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत, ते मराठी कानाला ऐकूच येत नाहीत. म्हणून मराठी जोडाक्षरं पक्की होईपर्यंत कन्नडची ओत्तक्षरं लिहायला लावू नयेत, वाचायला चालतील. कन्नडच्या आणि मराठीच्या बाईंनी महिन्यातून एकदा बसून हे ठरवलं तरी पुष्कळ.

वाचनाची खिडकी-पट्टी जरूर करा, पण मापात. जाड कार्डाला एक ओळ दिसेल असा चौकोन कापायचा. इंग्रजीच्या नमुन्यावरून कापलेली खिडकी उंचीला कमी पडते, वरची वेलांटी आणि खालचा उकार झाकला जातो आणि मूल नेमक्या त्याच चुका करतं. १८ ते २० पॉइंटच्या मजकुराला साधारण दीड सेंटीमीटर उंची ठेवा, ओळींत दीडपट अंतर.

हा सराव रोज २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. आठवड्यातून एकदा दोन तास घेण्यात काही हाशील नाही.

हेडमास्तर_पश्चिम_भाग

ताई, खिडकीचं माप टिपून घेतलं. भाषेच्या सवलतीबद्दल मात्र थोडं वेगळं मत मांडतो. पालक पहिल्याच दमात 'कन्नड काढून टाका' म्हणतात. कर्नाटकात राहून सरकारी नोकरी करायची तर कन्नड येतं हे दाखवावं लागतं. पंचायत, तलाठी, बँक सगळीकडे कन्नडच. आज सूट घेतली तर उद्या पोराचंच नुकसान नाही का?

अक्षरवाट

सर, तुमची काळजी रास्त आहे. पण सूट पेपरातून असते, भाषेतून नव्हे. कन्नड बोलणं-ऐकणं सुरूच ठेवायचं : बाजारहाट, बस, बँकेतला अर्ज समजणं, फोनवर बोलणं. दहावीच्या पेपरात जे मोजलं जातं ते लिहिणं आणि व्याकरण, आणि तिथेच हे मूल नापास होऊन शाळा सोडतं. अनुत्तीर्ण निकालानं कन्नडही येत नाही आणि पीयूसीचं (अकरावी-बारावीचं) दारही बंद होतं. निर्णय मात्र घाईनं नको. नववीच्या पहिल्या सहामाहीपर्यंत जादा वेळ आणि लेखनिक देऊन कन्नडचा पेपर घ्या. तरीही जमत नसेल तर सूट मागा. त्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका अर्जाला जोडता येतात, अर्ज मजबूत होतो.

हेडमास्तर_पश्चिम_भाग

हे पटलं. मग लेखनिकाचं सांगा. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही नीट लिहिणारं खालच्या वर्गातलं पोर खेड्यात मिळणं फार कठीण.

मलप्रभाकाठ

सर, एकच लेखनिक लागतो असं नाही. केंद्राच्या ऑगस्ट २०१८ च्या सूचनांत स्पष्ट होतं की वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांना, वेगळे लेखनिक घेता येतात. एका विषयाला एकच. अर्जात प्रत्येक विषयापुढे नाव लिहा. जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ऑगस्ट २०२२ च्या सूचनांत ४० टक्क्यांहून कमी पण लिहायला अडचण असलेल्यांचाही विचार केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या नव्या सूचना आल्या, अर्जाआधी त्या बघा. एसएसएलसीला मंडळाचा स्वतःचा नमुना आणि त्या वर्षीचं परिपत्रक असतं, अर्ज शाळेमार्फतच जातो, पालकानं परस्पर पाठवून चालत नाही.

लेखनिकाबरोबर सराव हवाच. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. 'स्वल्पविराम', 'नवा परिच्छेद', 'आकृती डावीकडे' असं बोलायची सवय नववीपासून लावा. गणितात तर आणखीच. अपूर्णांक सांगताना 'वर' आणि 'खाली' न म्हटल्यानं गुण जातात.

दृष्टिबाधित मुलांसाठी गणिताऐवजी समाजशास्त्र आणि विज्ञानाऐवजी राज्यशास्त्र किंवा संगीत असे पर्याय मंडळाच्या वेळापत्रकात दिसतात. ते पटकन घेऊ नका. एकदा घेतले की पीयूसीला विज्ञान संपलं.

नेत्रा_वाचक

दृष्टिबाधित मुलांचा विषय निघालाच आहे तर पाठ्यपुस्तकांबद्दल. आपल्याकडच्या मराठी शाळांना कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेची पुस्तकं लागतात, बालभारतीची नव्हेत. त्यामुळे महाराष्ट्रात तयार झालेली ध्वनिपुस्तकं मजकुराला जुळत नाहीत. सुगम्य पुस्तकालय या दृष्टिबाधितांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात आधी नाव शोधा. नसेल तर संस्थेच्या साईटवरची पीडीएफ उतरवा आणि एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. नीट मराठी दिसली तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मराठी आवाजात वाचतो. भलतीच चिन्हं दिसली तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टची पीडीएफ आहे, कितीही सॉफ्टवेअर बदला, उपयोग नाही. अशा वेळी पीडीएफचे धड्याप्रमाणे छोटे तुकडे करा, गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा, मजकूर ओळखला जातो. रफार, 'ऱ्य' आणि आकृत्यांतली नावं चुकतात. कुणीतरी डोळस माणसानं एकदा मूळ पुस्तकाशी ताडून बघायलाच हवं. ब्रेल सुटलं असं मात्र समजू नका. शुद्धलेखन ऐकून येत नाही, बोटांखाली अक्षर यावं लागतं.

श्रवणवर्ग

खानापूर भागातल्या शाळांसाठी, पावसाळ्याआधी वाचावं असं.

श्रवणयंत्र 'बंद पडलं' म्हणून कपाटात ठेवलेलं असतं, त्यातली बरीच फक्त ओलाव्यानं किंवा सेल संपल्यानं मूक असतात. सेल झिंक-एअर असतो. रंग बघा : तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. चिकटपट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. पट्टी काढली की सेल खर्ची पडायला लागतो, परत चिकटवून ठेवता येत नाही. रात्री सेलचं दार उघडं ठेवून यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्यांचे मणी रंग बदलले की बदला. केस वाळवायच्या मशीननं यंत्र वाळवू नका, आतला भाग खराब होतो.

यंत्र शिट्टी मारतं ते बहुधा कानातला साचा सैल झाल्यानं. वाढत्या वयात कान वाढतो, साचा बदलावाच लागतो. शिट्टी थांबावी म्हणून आवाज कमी करणं म्हणजे यंत्र असून नसल्यासारखं.

पत्र्याच्या वर्गात जोराचा पाऊस लागला की यंत्र पावसालाच मोठं करतं. त्या मुलाला शिक्षकांपासून एक-दीड मीटरवर, चेहरा दिसेल असं बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि पाऊस असेल तो तास लेखी कामाला ठेवा. खुणांच्या भाषेसाठी पीएम ई-विद्याचं ३१ क्रमांकाचं चॅनल डिसेंबर २०२४ पासून सुरू आहे. आयएसएलआरटीसी या केंद्राच्या खुणाभाषा संस्थेच्या शब्दकोशात १० हजार खुणा आहेत. तपशीलवार श्रवण-वाचा तपासणीसाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे.

निपाणी_आई_गट

श्रवणवर्ग ताई, फारच उपयोगी. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नतेबद्दल कुणी लिहील का? आमच्या गटात बहुतेक मुलं १४ ते १७ ची आहेत. शाळा पुढे काय ते सांगत नाही.

चिकोडी_रस्ता

ताई, तीन गोष्टी वेगवेगळ्या धरा.

शिक्षण : एनआयओएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेत, दहावीला पाच विषय, त्यात एक भाषा पुरते. मराठी माध्यम मिळतं. एकेक विषय करत गेलं तरी चालतं, नोंदणी पाच वर्षं टिकते. त्याखाली मुक्त बेसिक शिक्षणाच्या ए, बी, सी पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. मुलाला कुठली पातळी झेपेल ते आधी बघा, वयावरून ठरवू नका.

उपचार : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीलाही ठरलेली मर्यादा आहे. थेरपीची बिलं काढताना थेरपिस्टचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वसन परिषदेचा) नोंदणी क्रमांक बिलावर असू द्या. घरी येऊन शिकवणाऱ्यांचाही क्रमांक विचारा, आरसीआयच्या साईटवर तपासता येतो. १९९२ च्या कायद्यानं ही नोंदणी सक्तीची आहे.

पालकत्व : १८ पूर्ण झालं की आई-वडीलही कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मध्ये येणाऱ्या प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. बँक खातं आणि जमिनीच्या कामात हे अडतं. १७ पूर्ण होताच कागद जमवायला लागा : युडीआयडी, जन्माचा दाखला, दोघा पालकांची संमती, पत्त्याचा पुरावा.

घरी काय शिकवायचं, तर शाळेतल्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात मोजता येईल असं उद्दिष्ट लिहून घ्या. 'पैशांची ओळख होईल' हे उद्दिष्ट नव्हे. '१०, २० आणि ५० च्या नोटांतून मागितलेली नोट दहापैकी आठ वेळा बरोबर देईल, खऱ्या दुकानात' हे उद्दिष्ट. खेळण्यातल्या नोटांवर शिकलेलं खऱ्या नोटेवर उतरत नाही, रंग आणि आकार वेगळे असतात. पहिल्या दिवसापासून खऱ्याच वापरा.

निपाणी_आई_गट

पालकत्वाचं माहीतच नव्हतं कुणाला. नववी-दहावीच्या मुलांना शिष्यवृत्ती असते म्हणतात ती हीच का?

मलप्रभाकाठ

नाही ताई, ती वेगळी. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी प्री-मॅट्रिक, नववी-दहावीला. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत हवं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, नाडकचेरीतून काढा. बँक खातं मुलाच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं असू द्या. अर्ज भरल्यावर शाळेनं आपल्या लॉगिनमधून पडताळणी करायची असते, ती शेवटच्या तारखेआधी झाली की नाही हे पोर्टलवर स्वतः बघा. 'शाळेकडे प्रलंबित' असं दिसलं तर त्याच दिवशी हेडमास्तरांना गाठा.